सिंदेवाहीच्या गच्चीवरचा कॅमेरा: प्रकल्प नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार

आज दुपारी कॅमेरा गच्चीवर चढला. लोकांना आकाशात दिसलेला, न उलगडलेला प्रत्येक प्रकाश एक प्रकरण म्हणून नोंदवायचा आणि तपासायचा, त्यासाठी हा कॅमेरा. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडला दोन क्लॅम्प मारून घट्ट बसवला. तोंड पश्चिमेकडे, चित्राचा मध्य क्षितिजापासून ४५ अंश वर. रात्रीचं चित्र घेणारा साधा सीसीटीव्हीचा सेन्सर, ३.६ मिलिमीटरची लेन्स आणि खाली जिन्यातल्या खोक्यात रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक. आडवं ८८ अंश आकाश दिसतं. सेकंदाला २५ चित्रं, आणि २५६ चित्रांची एक फाइल, म्हणजे दर १०.२४ सेकंदांना एक. वायरिंग आमच्या वायरमन भाऊंनी केलं आणि मजुरी घेतली नाही. "मॅडम, त्या पाडव्याले मीबी पायलं होतं," एवढंच म्हणाले.

तो पाडवा म्हणजे २ एप्रिल २०२२. या वहीची सुरुवात खरं तर तिथून व्हायला हवी. संध्याकाळी गुढी उतरवून झाली होती. पावणेआठच्या सुमारास वायव्येकडून आग्नेयेकडे जळत्या तुकड्यांची एक रांग सरकत गेली. पाठोपाठ, आवाज न करता, आणि इतकी सावकाश की शेजारच्या काकूंना हाक मारून वर बोलावण्याइतका वेळ मिळाला. जळगाव, अकोल्यापासून आमच्यापर्यंत आणि तिकडे मध्य प्रदेशातही लोकांनी ती पाहिली. आमच्याच तालुक्यात लाडबोरीला धातूची मोठी कडी पडली, तीनेक मीटर व्यासाची, आणि पुढच्या दिवसांत आसपास धातूचे गोळेही सापडले. चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा त्याच सुमारास वातावरणात परतणार होता आणि त्याचा मार्ग इथूनच जात होता, हे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी त्याच रात्री जुळवून दाखवलं.

मी भौतिकशास्त्र शिकवते. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांत संपते. कक्षेतून खाली येणारी वस्तू आठाच्या आत असते, म्हणून ती मिनिटभर दिसते. हे मला पाठ होतं. तरी त्या संध्याकाळी मी घड्याळाकडे पाहिलं नाही. किती वेळ दिसलं, किती उंचावरून गेलं, कुठल्या ताऱ्याजवळून गेलं, यातलं काहीही मी सांगू शकत नव्हते. पुढचे पंधरा दिवस विद्यार्थी विचारत राहिले आणि मी फक्त "सुंदर होतं" म्हणत राहिले. ती रुखरुख अजून गेलेली नाही.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. अंधार खरा हवा तर तलावाच्या पाळीवर जायला हवं. पण आमच्याकडे रात्री पाळीवर कोणी बसत नाही. वाघ आहे. म्हणून गच्ची.

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

मिथुन उल्कावर्षाव. पौर्णिमा उद्यावर आलेली, आकाश दुधाळ. तरी १९ उल्का मिळाल्या. चित्रातल्या ताऱ्यांवरून कॅमेऱ्याची दिशा पक्की झाली. आता कुठल्याही पिक्सेलवर बोट ठेवलं तर तो आकाशात कुठे आहे ते सांगता येतं.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ द्यायला आलेल्या दूधवाल्या भाऊंनी प्रकरण क्रमांक ३ आणलं. आठवडाभर रोज संध्याकाळी गाडीवरून परतताना एक पांढरा दिवा त्यांच्या पुढे पुढे पळतो. गाडी थांबवली की तोही थांबतो. झाडांमागे लपतो आणि पुन्हा निघतो. नऊच्या सुमारास जंगलात "उतरतो".

मी त्यांना साडेसहाला गच्चीवर नेलं आणि पश्चिमेला बोट दाखवलं. शुक्र होता. या महिन्यात तो सूर्यापासून जास्तीत जास्त दूर गेलेला आहे, सूर्यास्तानंतर तीन तासांहून जास्त वेळ दिसतो, आणि चंद्राखालोखाल तेजस्वी तोच. जवळची झाडं मागे धावतात आणि दूरची वस्तू जागेवर राहते, म्हणून डोळ्यांना ती आपल्यासोबत आल्यासारखी वाटते. भाऊ बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मंग मी चूक नाई पायलं."

नाही, चूक नाही पाहिलं. दिवा होता, पश्चिमेला होता, नऊला मावळत होता. त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी निघाली. फक्त अंतर त्यांनी मनाने भरलं होतं, आणि ते कोणीही तसंच भरतं. अंधारात एकट्या प्रकाशाचं अंतर माणसाच्या डोळ्याला कळत नाही. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं आहे.

२६ जानेवारी २०२५, रविवार

झेंडावंदन झाल्यावर बारावीच्या दोघांना घेऊन बसले आणि विचारपूस करण्याचा कागद तयार केला. आधीचा कागद मी रद्द केला. त्यात पहिला प्रश्न होता, "तुम्हाला काय दिसलं?" हा प्रश्न विचारला की माणूस नाव सांगतो: यान, भूत, उपग्रह, चकवा. एकदा नाव ठरलं की बाकीची आठवण त्या नावाच्या मापाने शिवली जाते.

नव्या कागदात पहिला प्रश्न: तुम्ही कुठे उभे होता? शक्य असेल तर त्याच जागी जाऊन विचारायचं. दुसरा: तेव्हा तुम्ही काय करत होता? यातून वेळ निघते. बातम्या लागल्या होत्या, शेवटची गाडी गेली होती, गाई बांधून झाल्या होत्या. तिसरा: हात लांब करून मूठ धरा आणि क्षितिजापासून किती मुठी वर होतं ते मोजा. ताठ हाताची मूठ साधारण १० अंश, मधली तीन बोटं ५, करंगळी १. लहान मुलाचा हातही लहान आणि मूठही लहान, म्हणून माप सगळ्यांना लागू पडतं. "काय होतं" हा प्रश्न सगळ्यात शेवटी, आणि त्याचं उत्तर वेगळ्या चौकटीत.

दोघांना ला'एग्लची गोष्ट सांगितली. मला ती फार प्रिय आहे. २६ एप्रिल १८०३ ला फ्रान्समधल्या त्या गावाभोवती आकाशातून सुमारे ३००० दगड पडले. आकाशातून दगड पडतात हे तेव्हा बहुतेक विद्वानांना मान्य नव्हतं. शेतकरी काहीही बोलतात, असा समज होता. सरकारने तरुण ज्याँ-बाप्टिस्ट बियो यांना चौकशीला पाठवलं. ते गावोगाव फिरले, वेगवेगळ्या लोकांशी बोलले, दगड कुठे कुठे पडले ते नकाशावर मांडलं, तर एक लंबगोल पट्टा तयार झाला. पाळक, गुराखी, बायका, सगळ्यांच्या सांगण्यातून एकच आकृती निघाली. त्यानंतर उल्कापाषाणांवरचा वाद फारसा उरला नाही. बियोंनी साक्षीदारांना वेडंही ठरवलं नाही आणि त्यांचं म्हणणं जसंच्या तसं उचललंही नाही. त्यांनी जागा विचारली.

१५ फेब्रुवारी २०२५, शनिवार

सतरा प्रकरणं झाली. फ्रान्सची अंतराळ संस्था १९७७ पासून तुलूझमध्ये अशा नोंदींचं काम करते आणि तिथे चार वर्ग आहेत. आम्ही तेच घेतले. अ म्हणजे उलगडलं. ब म्हणजे बहुधा उलगडलं. क म्हणजे माहिती अपुरी, सांगता येत नाही. ड म्हणजे माहिती चांगली आहे, तपास नीट झाला आहे, तरी उलगडत नाही. त्यांच्याकडेही ड मध्ये शंभरातली तीन-चारच प्रकरणं उरतात.

आमचे आकडे: अ ९, ब ४, क ४, ड शून्य. शुक्र एकट्याने पाच. विमानं बरीच, कारण देशाचे हवाई मार्ग नागपूरच्या आकाशात एकमेकांना छेदतात. लग्नात सोडलेले कागदी उडते कंदील दोन वेळा. स्टारलिंकची, म्हणजे एकामागोमाग जाणाऱ्या इंटरनेट-उपग्रहांची, माळ एकदा. ती बघणारी मुलगी इतकी घाबरली होती की सांगताना रडली. तिला उपग्रहांचा कागद दाखवला तेव्हा तिने वहीत माळेतले ठिपके काढून दाखवले, आणि अंतरं जवळजवळ बरोबर होती.

क आणि ड यांतला फरक मुलांच्या गळी उतरवायला मला तासभर लागला. दोन्हींना लोक "न उलगडलेलं" म्हणतात. पण क मध्ये कमतरता आपली असते आणि ड मध्ये प्रश्न आकाशाचा असतो. आकाशातल्या अशाच न उलगडलेल्या दृश्यांवर नासाने नेमलेल्या १६ जणांच्या गटाचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला. त्याचंही मुख्य दुखणं हेच होतं: उपकरणं जोखून घेतलेली नसतात, चित्रासोबत वेळ, जागा, दिशा यांची माहिती नसते, म्हणून काही ठरवता येत नाही. जगभरातली बहुतेक गूढं क मधली आहेत आणि ड म्हणून मिरवली जातात, असं माझं मत आहे.

२६ मार्च २०२५, बुधवार

शनिवारी अवकाळी आला. वारा, गारा, वीज गेली. ब्रॉडबँड आज सुरू झालं. परवा सोमवारच्या फाइली आज चाळल्या आणि २४ फाइलींवर येऊन थांबले.

चित्राच्या तळाशी, गुरूपासून चार अंश खाली उजवीकडे, एक बिंदू उजळतो. गुरूइतका तेजस्वी होतो. २४ फाइली, म्हणजे चार मिनिटं सहा सेकंद टिकतो. मग सावकाश मावळतो. लुकलुक नाही, रंगातला बदल नाही.

गुरू आणि रोहिणी त्याच चौकटीत आहेत ही केवढी मोठी सोय. बारावीच्या त्या दोघांतल्या मुलाने मोजणी केली आणि माझ्यासमोर पुन्हा केली. त्या चार मिनिटांत गुरू १३ पिक्सेल खाली सरकला, बाकीच्या ताऱ्यांसारखाच. हा प्रकाश एका पिक्सेलनेही हलला नाही. म्हणजे तो आकाशासोबत फिरत नाही, जमिनीशी बांधलेला आहे. ग्रह नाही, तारा नाही. खालच्या कक्षेतला उपग्रह चार मिनिटांत अर्धं आकाश ओलांडतो. सरळ दूर जाणारं विमान असतं तर एवढ्या वेळात ५० किलोमीटरहून पुढे जाऊन क्षितिजाकडे उतरलं असतं.

रात्री झोप लागली नाही. लागणार कशी.

२७ मार्च २०२५, गुरुवार

वेळ चुकीची आहे.

फाइलीवर वेळ ८:३१ आहे. त्या वेळेसाठी ताऱ्यांचा नकाशा लावला तर तारे जुळत नाहीत. सगळंच्या सगळं आकाश सरकलेलं. कारण सापडायला फार वेळ लागला नाही आणि चूक माझी आहे. या छोट्या संगणकात स्वतःचं घड्याळ नसतं. सुरू झाल्यावर तो इंटरनेटवरून वेळ घेतो. इंटरनेट नसेल तर शेवटची जपून ठेवलेली वेळ धरून तिथून पुढे मोजत राहतो. शनिवारी वीज गेली, आली, इंटरनेट आलंच नाही. चार दिवस कॅमेरा मागच्या वेळेत जगत होता. तारे जुळत नाहीत असा इशारा तो रोज लिहीत होता, आणि मी परीक्षेचे पेपर तपासत होते म्हणून तो वाचला नाही.

तीन वर्षांपूर्वी घड्याळ पाहिलं नाही म्हणून हा सगळा खटाटोप मांडला, आणि नेमक्या वेळी घड्याळच गेलं. आज वर्गात नीट शिकवता आलं नाही.

३० मार्च २०२५, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारून झाल्यावर मुलं आली. वायरमन भाऊही आले. वेळ परत मिळाली! आकाशाकडूनच मिळाली.

पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. चित्रातलं आकाश फाइलीवरच्या वेळेपेक्षा १३ अंश पुढे होतं. १३ गुणिले ४, म्हणजे ५२ मिनिटं. खरी वेळ ९ वाजून २३ मिनिटं. वेगवेगळ्या फाइलींतले ११ तारे घेऊन तीनदा तपासलं, काही सेकंदांच्या आत जुळलं. मुलगा म्हणाला, "मॅडम, तारे म्हणजेच घड्याळ झालं न." झालं. पंचांग करणाऱ्यांनी हजारो वर्षं हेच घड्याळ वापरलं.

वायरमन भाऊंनी घड्याळाचा सुटा भाग आणि बटण-सेल आणून बसवला. पुन्हा ही चूक होणार नाही.

६ एप्रिल २०२५, रविवार

प्रकरण २२ वर, म्हणजे त्या चार मिनिटांच्या प्रकाशावर, आज निर्णय घेतला. वर्ग क.

मुलांना तो मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं असं: चित्र आहे, वेळ आहे, दिशा आहे, ग्रह-उपग्रह-विमान सगळं वगळलं. मग हे ड का नाही? मलाही ड लिहायचं होतं. पेन हातात होतं.

पण अंतर कुठे आहे? एका डोळ्याने पाहिलेल्या प्रकाशाचं अंतर कळत नाही, मग तो डोळा माणसाचा असो की कॅमेऱ्याचा. आमच्या गच्चीपासून ३०० मीटरवर, १२५ मीटर उंचीवर एखादा ड्रोन दिवा लावून स्थिर राहिला, तर नेमका याच जागी दिसेल. त्या रात्री कुठे लग्नाचं चित्रीकरण होतं का, कोणी ड्रोन उडवला का, हे आम्ही ओळखीपाळखीत आणि पश्चिमेकडच्या वस्त्यांत विचारलं. कोणी हो म्हणालं नाही. कोणी हो म्हणालं नाही याचा अर्थ नव्हता असा होत नाही. माहिती अपुरी आहे. क.

नॉर्वेत हेसडालन नावाचं खोरं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे इतके प्रकाश दिसायला लागले की १९८४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत लोक रडार, कॅमेरे घेऊन बर्फात महिनाभर राहिले. १९९८ मध्ये तिथे आपोआप नोंद घेणारं केंद्र उभं राहिलं. चाळीस वर्षं झाली, तरी सगळ्यांना पटेल असं एकच उत्तर तिथे अजून नाही. त्या लोकांचा मला आदर वाटतो, कारण उत्तर नसताना ते उपकरणं सुधारत राहिले.

आपल्याला दुसरा डोळा हवा.

२० एप्रिल २०२५, रविवार

नागभीडला दुसरा कॅमेरा लागला. इथून साधारण ३३ किलोमीटर उत्तरेला, एका निवृत्त सरांच्या गच्चीवर. सर ७१ वर्षांचे, जिना चढताना थांबून दम घेतात, पण कॅमेऱ्याचा कोन लावताना त्यांनी स्वतः धागा आणि ओळंबा धरला.

कोन आम्ही शाळेच्या भूमितीने काढला. आमचा कॅमेरा ९५ किलोमीटर उंचीवर ज्या हवेकडे बघतो ती ९५ किलोमीटर पश्चिमेला आहे. तीच हवा नागभीडहून बघायची तर पश्चिमेपासून १९ अंश डावीकडे वळायचं आणि ४३ अंश वर बघायचं.

आता अंतर आपोआप बोलेल. समजा एखादा प्रकाश माझ्या अगदी डोक्यावर आहे. तो ९० किलोमीटर उंच असेल तर नागभीडहून डोक्यावरून फक्त २० अंश ढळलेला दिसेल. १० किलोमीटरवरचं विमान असेल तर तिथून ते दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम १७ अंश वर. आणि १२५ मीटरवरचा ड्रोन तिथून दिसणारच नाही.

२३ एप्रिल २०२५, बुधवार

पहाटे ३:१८. स्वरमंडळ उल्कावर्षावातली एक उल्का दोन्ही कॅमेऱ्यांत! दोन्ही रेषा जुळवल्या: १०६ किलोमीटरवर पेटली, ९२ वर विझली, वेग सेकंदाला ४७ किलोमीटर. या वर्षावाच्या उल्कांचा वेग तेवढाच असतो. सरांना फोन केला तर ते आधीच जागे होते.

११ मे २०२५, रविवार

एका विद्यार्थिनीच्या आजीकडे गेलो होतो. आजींनी तरुणपणी पाहिलेला गोळा हे आमचं प्रकरण २६. नव्या कागदाप्रमाणे आधी जागेवर गेलो. धानाची बांधी, बांधावर मोहाचं झाड.

"कधीची गोष्ट, आजी?"

"माही मोठी पोरगी पोटात होती जी. मिरगाचा पाऊस."

मोठ्या मुलीचं जन्मवर्ष १९८३. वीज कडाडली आणि बांधाच्या धुऱ्यावर नारळाएवढा पिवळट गोळा आला. घरंगळल्यासारखा मोहापर्यंत गेला आणि "फट" करून विझला. किती वेळ? आजींनी स्वतःच बोटांवर मोजून दाखवलं, मी घड्याळ लावलं: सहा सेकंद. "खोटं कायले बोलू? नवऱ्यानं बी हासलं होतं मले."

बेचाळीस वर्षं कोणी विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं.

त्यांना सांगितलं की गोलाकार वीज हा अभ्यासाचा विषय आहे. २०१२ मध्ये चीनच्या छिंगहाय भागात लान्झोचे शास्त्रज्ञ साध्या विजेचं वर्णपट-चित्रण करत होते. वीज जमिनीवर पडली तिथे असाच गोळा उमटला आणि दीडेक सेकंद टिकला. त्याच्या प्रकाशात सिलिकॉन, लोह, कॅल्शियम सापडलं, म्हणजे मातीतलीच मूलद्रव्यं. ढगांच्या वर चमकणाऱ्या तांबड्या झळांचंही असंच झालं. लोक वर्षानुवर्षं सांगत होते. ६ जुलै १९८९ ला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी वेगळ्याच कामासाठी कॅमेरा तपासायला लावला आणि त्यात त्या सापडल्या. दोन्ही वेळा कॅमेरा चालू होता, एवढंच घडलं.

आजींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुमच्यात आला का तो?"

"नाही आजी. आमचा कॅमेरा पावसाळ्यात बंद ठेवतो."

"पावसातच येते तो."

परतीच्या वाटेवर कोणी बोललं नाही. कॅमेरा भिजू नये म्हणून जून ते सप्टेंबर बंद, असं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. साक्षीदार सांगत होती तो काळच आम्ही वगळला होता. शिवाय आमचे दोन्ही कॅमेरे वर बघतात, आणि ही गोष्ट बांधावरची.

१ जून २०२५, रविवार

तिसरा कॅमेरा आजींच्या घराच्या स्लॅबवर. हा आडवा, क्षितिजावर. खोक्याच्या सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवल्या, आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या, काचेपुढे मेणकापडाचं छप्पर केलं. वीज पडली तर घराला धोका नको म्हणून वायरमन भाऊंनी वेगळं अर्थिंग केलं आणि ते दोनदा तपासलं. आधीचे दोन्ही कॅमेरेही यंदा पावसाळाभर चालू राहतील. सरांनी होकार कळवला आहे.

बोल्ट आवळायच्या आधी दिशा पक्की करायची होती. मोहाचं झाड आता मोठं झालं आहे, बांधही सरकला आहे. आजींना हाताला धरून वर आणलं. त्यांनी डोळ्यांवर पदर धरून बराच वेळ पाहिलं. मग उजवा हात ताठ केला, मूठ वळली, बांधावर टेकवली आणि म्हणाल्या, "इथून. अन् वर एक मूठ."

वहीत लिहिलं: दिशा ईशान्य, उंची ० ते १० अंश.

बोल्ट आवळला.